पंचशीलाच्या पायाबद्दल मी जे सांगितलं

कुणालाच ठाऊक नाही हे. नवऱ्याबरोबर जन्म काढला, त्याला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं बसायचे तेव्हाही मी बाकीचंच सांगत राहायचे — तुम्ही हसाल, पण देवाशीसुद्धा माणूस लबाडी करू शकतं. आज तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. मला राग आलाय. आमच्या परभणीकडच्या भाषेत सांगायचं तर लय राग आलाय, आणि तो उतरत नाही.

झालं असं की मध्यंतरी माझा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं, सगळं यथासांग. अपंग मुलींच्या ज्या वसतिगृहात मी उमेदीची वर्षं काढली, तिथल्या जुन्या मुली जमल्या होत्या, त्यांचे नवरे होते, गावातले चार प्रतिष्ठित होते. सूत्रसंचालन करणारा पोरगा — त्याचा काय दोष, त्याला कुणीतरी लिहून दिलेलं — माईकवरून म्हणाला, “ताईंनी कित्येक मुलींना पायावर उभं केलं.” टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं, बाई भारावल्या. भारावल्या कसल्या? मला तो माईक हिसकावून घ्यावासा वाटत होता. घेतला नाही. चहा घेतला, रिक्षानं घरी आले. म्हणजे बघा, इतकी वर्षं गेली तरी मी तशीच.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पिंगळीहून रोज पॅसेंजरनं परभणीला यायचे. मॅट्रिक झालेली, वर थोडंसं प्रशिक्षण घेतलेली. कागदावर माझा हुद्दा ‘क्रीडा सहायिका’ असा होता. मुली म्हणायच्या खेळताई. गाडीतल्या बायका विचारायच्या, खेळायचा पगार मिळतो का हो तुम्हाला? काय सांगणार त्यांना? पोलिओ झालेल्या पोरीला व्यायाम कर म्हटलं की ती रडते, कारण दुखतं. तिच्याच हातात रबरी रिंग द्या आणि समोर खुंटी रोवा. ती हात लांबवते, कंबर वळवते, तोल जाऊन पडते, हसते, परत टाकते. तासभर व्यायाम होतो आणि तिच्या लक्षातही येत नाही. आम्ही बसून लेझीम खेळायचो. पंचमीला लिंबाच्या झाडाला झोका बांधायचो, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पोरींच्या कमरेला आधार द्यायचो, आणि बाकीच्या जमिनीवर बसून गाणी म्हणायच्या. घाबरलेलं शरीर आखडतं, हसणारं शरीर सुटतं — एवढंच माझं शास्त्र. पण ते मला चांगलं येत होतं. हे मी मिरवायला सांगत नाही. काम चांगलं येणाऱ्या बाईनं केलेलं आहे पुढचं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

आणि राग तर मला तेव्हाही यायचा. केळी वाटायला येणाऱ्यांचा यायचा. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाच्या मुलाचा वाढदिवस — पोरींना ओळीनं बसवायचं, एकेकीच्या हातात केळं ठेवायचं, फोटो काढायचा. केळं सोलायच्या आधी फोटो, कारण सोललेलं बरं दिसत नाही. एक बाई एका पोरीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “मागच्या जन्मीचं भोगायलीय बिचारी.” तिच्या तोंडावर म्हणाल्या. जणू पाय गेले म्हणजे कानही गेले. आता म्हणे दिव्यांग म्हणायचं. म्हणा. तेव्हाचे लोक देवाचं नाव घेऊन अपमान करायचे, आताचे देवाचं नाव देऊन करतात. मी या लोकांवर इतकी चिडायचे की अधीक्षकबाई मला पाहुणे आल्यावर मागच्या अंगणात पाठवून द्यायच्या. मला वाटायचं, या मुलींचा अपमान करणारे ते, आणि मी मुलींच्या बाजूची. असं वाटायला काय जातं?

पंचशीला सेलू तालुक्यातली. देवगाव फाट्याच्या आतल्या एका खेड्यात तिचं घर होतं, बौद्ध कुटुंब, वडील दुसऱ्याच्या रानात सालगडी. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. आमच्याकडं आली तेव्हा हातावर सरकत चालायची. मी सांगते आहे त्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांची असेल. रंगानं सावळी, दंड पैलवानासारखे, आणि जीभ — तिच्या जिभेला अख्खं वसतिगृह वचकून असायचं. आमचे कारकून हजेरी घेताना नुसतं ‘शीला’ म्हणायचे. लांब नाव घ्यायचा कंटाळा, असं ते सांगायचे. कंटाळा कशाचा होता ते सगळ्यांना कळत होतं, नाव पुरतं घेतलं की घर कळायचं. ती ओच द्यायची नाही. समोर बसलेली असून गैरहजर लागायची. शेवटी एक दिवस म्हणाली, “मपलं नाव पंचशीला हाय. पुरं घ्या, न्हाईतर घेऊ नका.” दुसऱ्या दिवसापासून पुरं घेतलं गेलं. हे लक्षात ठेवा. मीही विसरले नव्हते, आणि तिथंच सगळं आहे.

त्या वर्षीच्या श्रावणात विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या मराठवाड्यात जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. गावोगाव वस्त्या पेटवल्या. तिच्या गावातही. तिचे वडील एका सकाळी आमच्या फाटकाशी आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हणाले, “पोरीला इथंच राहू द्या बाई. तिकडं काय राह्यलं न्हाई.” मी त्यांना पाणी दिलं. संध्याकाळी घरी गेले. आमचं शेतीवाल्यांचं घर, जमीन बऱ्यापैकी, आणि ताटावर बसून सासरे, दीर, सगळे बोलत होते — हे लोक डोक्यावर बसायलेत, एकदा दाखवायलाच पाहिजे होतं. मी भाकरी वाढत होते. सकाळी ज्या माणसाला पाणी दिलं त्याच्याबद्दल बोलणं चाललंय हे मला कळत होतं. मी एक शब्द बोलले नाही. पण तो गुन्हा सांगायला मी बसले नाही, त्यात वाटेकरी पुष्कळ आहेत. माझा वेगळा आहे. त्यात वाटेकरी कुणी नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिला कॅलिपर मिळाले. म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. महिन्यातून एकदा हाडांचे डॉक्टर यायचे, त्यांनी मापं घेऊन करून घेतले होते. ते घालून, दोन्ही बगलांत कुबड्या घेऊन ती उभी राहिली, आणि पहिल्यांदा तिला खिडकीतून बाहेरचं दिसलं. “इतकी खाली होते व्हय म्या?” असं म्हणाली. मला आजही ते ऐकू येतं.

स्नेहसंमेलन हिवाळ्यात असायचं. दर वर्षी पाहुणे यायचे, एखादी शिक्षिका त्यांना हार घालायची, आणि आमच्या मुली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या. मला ते डाचायचं. कार्यक्रम कुणाचा? मग हार दुसऱ्यानं का घालायचा? त्या वर्षी मी ठरवलं की हार आमची मुलगी घालेल, आणि उभी राहून घालेल. अडचण तुमच्या लक्षात आली का? हार घालायला दोन्ही हात लागतात. कुबड्या धरलेले हात. म्हणजे दोन्ही कुबड्या सोडून, नुसत्या कॅलिपरवर, हार वर उचलून समोरच्याच्या डोक्यावरून नेईपर्यंत तोल राखायचा. धडधाकट माणसाला यात काही नाही. तिला ते डोंगराएवढं होतं.

मग आम्ही त्याचा खेळ केला. जुन्या पातळाच्या चिंध्यांचा हार शिवला. आधी ती भिंतीला पाठ टेकून तो लिंबाच्या तुटक्या फांदीवर टाकायची. मग एक कुबडी सोडून. मग भिंतीपासून हातभर पुढं येऊन. मग फांदीऐवजी माझी मान. मी समोर उभी राहायचे आणि ती माझ्या गळ्यात चिंध्यांचा हार टाकायचा प्रयत्न करायची, आणि दोघी मिळून पडायचो. मी हात पुढं केला की चिडायची. “धरू नका ताई. पडले तर पडले.” आठवड्यांवर आठवडे गेले असे. आणि मग एका दुपारी तिनं दोन्ही कुबड्या सोडल्या, हार उचलला, माझ्या डोक्यावरून सावकाश खाली आणला, नीट केला — आणि उभी राहिली. तशीच. स्वतःच्या रिकाम्या हातांकडं बघत. पोरींनी ताटं बडवली. मी रडले. ती रडली नाही, हसलीही नाही. परत करू म्हणाली.

पाहुणे कोण हे ठरलं ते त्याच्यानंतर. सेलूकडचे मोठे जमीनदार, वसतिगृहाला ज्वारी द्यायचे. नामांतराला विरोध करणाऱ्यांत पुढं असलेले. पंचशीलाचं गाव त्यांच्याच भागात. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा होता, त्यात हार घालणारीचं नाव होतं. पुरं नाव, माईकवरून पुकारायचं. ते मसुद्याकडं बघत म्हणाले, “पाहुणे त्या भागातले हायेत. सध्या वातावरण कसं हाय, तुमाला सांगायची गरज न्हाई. मी काय म्हणत न्हाई. हार कोणी घालायचा ते तुमी बघा.”

वर्षानुवर्षं मी मनाला सांगत आले की मला अध्यक्षांनी करायला लावलं. पण तुम्ही पुन्हा ऐका ते वाक्य. त्यांनी काय लावलं करायला? ‘तुमी बघा’ म्हणाले. मी म्हणू शकले असते — बघितलं, पंचशीलाच घालेल. फार तर काय झालं असतं? मला काढलं असतं? काढलं नसतं. चिडले असते, पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं असतं, ज्वारीची पोती एखाद्या वर्षी आली नसती. एवढंच. माझ्या केसालाही धक्का लागला नसता. मी कुणाच्या धाकानं केलेलं नाही हे.

पंचशीलाला पाहुण्यांचं नाव कळलं तेव्हा मला वाटलं, ही स्वतःच नको म्हणेल. सुटले असते मी. पण तिचे डोळे चमकले. म्हणाली, “हार घालून घ्यायचा तर त्यानला मान वाकवावी लागंल का न्हाई, ताई? माझ्यापुढं?” मी म्हटलं, हो, लागेल की. ती खुदकन हसली. त्या सबंध सरावात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आणि त्या हसण्याची मला भीती वाटली.

आता सांगते. आता आणखी फिरवत नाही.

संमेलनाला थोडे दिवस राहिले होते. सराव संपला होता, लिंबाखाली बसून मी तिच्या कॅलिपरचे पट्टे सोडत होते. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला — रोज ठेवायचे तसाच — आणि म्हटलं, “पंचशीला, डॉक्टर परवा मला एकटीला सांगून गेलेत. तुझ्या पायांवर भार द्यायचा नाही म्हणाले. हाडं आतून पोकळ झालीत. असंच उभं राहत गेलीस तर मोडतील, आणि मोडली तर जुळायची नाहीत.”

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, रोज वेळ वाढवत न्या. मी हे त्या जागेवर बसून, तिच्या पायाला हात लावून, मनानं रचलं.

तिनं गुडघा दाबून पाहिला. “मोडंल?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. “मंग न्हाई करत,” असं म्हणाली. संपलं. जी पोरगी आपलं अर्धं नाव कारकुनाला सोडायला तयार नव्हती, तिनं उभं राहणं सोडून दिलं — एका वाक्यात, न भांडता. का? कारण सांगणारी मी होते. पायाबद्दल ती जगात एकाच माणसाचं ऐकायची. डॉक्टरांना विचारून बघते म्हणाली नंतर, तर मी तेही बंद केलं. म्हटलं, डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारलेलं आवडत नाही, रागावतात.

मी मनाशी काय म्हटलं ते ऐका, म्हणजे माणूस किती पक्कं असतं ते कळेल. मी म्हटलं, पोरीला वाईट वाटू नये म्हणून करते आहे. तिच्या जातीवरून तिला बाजूला केलं हे कळलं तर बिचारी मोडून पडेल. बिचारी. केळं वाटणाऱ्या बाईचाच शब्द. आणि खोटा. मोडून पडणारी होती का ती? खरं सांगितलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. कार्यक्रमाच्या दिवशी दारात बसली असती. वडिलांना निरोप धाडला असता. ते दुखणं तिच्या ओळखीचं होतं, त्याच्याशी कसं भांडायचं हे तिला येत होतं, आणि त्या वर्षांत तिचे सगळे लोक त्याच्यासाठीच रस्त्यावर उभे होते. तिच्या बाजूनं हजारो माणसं होती. मी तिच्याकडून ते भांडण काढून घेतलं आणि त्याच्या जागी दिलं काय? तिचाच पाय. स्वतःच्या पायाविरुद्ध कुठं मोर्चा काढता येतो? तिला वाचवायला नव्हे हो — तिचा आवाज नको होता मला. आरडाओरडा नको होता. अध्यक्षांच्या खोलीत जाऊन उभं राहणं नको होतं. माझी एक अवघड दुपार चुकावी म्हणून मी तिची हाडं पोकळ केली.

संमेलन झालं. हार अध्यक्षांच्या नातीनं घातला, शहरातल्या शाळेत जाणाऱ्या, लांब वेण्यांच्या, चांगल्या पायांच्या मुलीनं. पाहुण्यांनी वाकून तिचा गालगुच्चा घेतला. मग भाषणात म्हणाले की या लेकरांमध्ये आपल्याला देव दिसतो. पंचशीला पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती, कॅलिपर काढून, पाय पोटाशी घेऊन. तिनं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या मागं उभी होते आणि मीही वाजवल्या. वेळेला हातही कसे शहाणे होतात.

तरी अजून सगळं सावरता आलं असतं. हे मुद्दाम सांगते. दुसऱ्या दिवशी मला म्हणता आलं असतं की डॉक्टरांनी परत तपासलं, आता हरकत नाही. मी रोज सकाळी गाडीत बसताना ठरवायचे, आज म्हणू. पण मग ती विचारणार — तपासलं कधी? मी तर इथंच होते. तिला फसवणं सोपं नव्हतं, एकदाच जमलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांची येण्याची तारीख आली. ते बघणार, कॅलिपर का घातले नाहीत विचारणार, ती सांगणार. मग मी काय केलं? सहल काढली. त्याच दिवशी. ज्यांना फिरायला मिळत नाही अशा मुलींना येलदरीचं धरण दाखवायचं म्हणून अधीक्षकबाईंची परवानगी घेतली, एक ट्रक मिळवला, आणि पंचशीलाला सगळ्यांत आधी उचलून आत बसवलं. डॉक्टरांसाठी निरोप ठेवला की ती घरच्या काळजीनं सध्या उभी राहत नाही, पुढच्या वेळी बघा.

पूर्णेचं पाणी बघून पोरी वेड्या झाल्या. पंचशीला काठावर बसून मासे धरणाऱ्यांशी तासभर गप्पा मारत होती. परतताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “ताई, तुमी लय चांगल्या हाव.” अधीक्षकबाईंनी त्या सहलीबद्दल माझं कौतुक केलं. खेळ हे माझं शास्त्र होतं, म्हटलं ना मी? ते मी यासाठी वापरलं.

डॉक्टरांची पुढची वेळ यायच्या आत तिचे वडील तिला न्यायला आले. देवगाव फाट्यावर नातेवाइकांच्या आधारानं त्यांनी पुन्हा बिऱ्हाड मांडलं होतं, तिची आई अंथरुणाला खिळली होती, घरात कुणीतरी हवं होतं. कॅलिपर मी गोणीत भरून दिले. तिनं गोणी परत ढकलली. “हे लोखंड कामून न्यायचं आता? दुसऱ्या कोण्या पोरीला द्या.” मी घेतली ती गोणी. फाटकापर्यंत तिला कडेवर घेऊन गेले. सांगायला ती शेवटची जागा होती, आणि तिचा हात माझ्या गळ्यात होता.

ती जन्मभर चालली असती असं मी म्हणत नाही. पुष्कळ पोरी पुढं कॅलिपर टाकून देतात, खेड्यात चिखल असतो, दुरुस्तीला कुणी नसतं. पण ते तिनं ठरवलं असतं, किंवा नशिबानं. पाय वापरले नाहीत तर गुडघे आखडत जातात आणि मग कॅलिपर चढतच नाही, हे मला त्या दिवशी पुरतं ठाऊक होतं. मी प्रशिक्षण घेतलेली बाई होते.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी मी कदाचित मरेपर्यंत गप्प बसले असते. पण अजून आहे. सत्काराच्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं ते याच्यासाठी.

ज्या संक्रांतीला विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्याच आठवड्यात मी नणंदेकडं निघाले होते. देवगाव फाट्यावर गाडी बदलायची होती. तिथं ट्रॅक्टर उभे होते, निळे झेंडे, निळा गुलाल, हलगी वाजत होती, आणि लोक येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे देत होते. माझ्याबरोबरचे दोघं-तिघं हात मागं घेऊन पलीकडं जाऊन उभे राहिले. सोळा वर्षं झाली तरी यांचे हात मागंच. मला त्यांचा संताप आला, खरंच आला. तेवढ्यात ट्रॉलीतून हाक आली — “खेळताई!”

तिच्या भावानं तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं आणि माझ्यासमोर बाकड्यावर बसवलं. दंड तसेच होते. पाय मांडी घातल्यासारखे कायमचे दुमडलेले. शिवणकाम करते म्हणाली, हातमशिनीवर. केसांत निळा गुलाल होता आणि ती इतकी आनंदात होती की तिच्याकडं बघवत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि भावाला, भोवतीच्या बायांना सांगायला लागली. “ह्या मपल्या खेळताई. ह्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून, न्हाईतर हाडं मोडून बसले असते म्या.” भावानं मला हात जोडले. “लय उपकार हायेत तुमचे,” असं म्हणाला.

मग तिनं एका बाईला पुढं बोलावलं. बाईच्या कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, एक पाय काडीसारखा लोंबत होता. शेजारची पोर, पंचशीलानं सांगितलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते, लोखंडी बूट देऊ, चालती करू. आईबाप तयार झाले होते. “म्या म्हणलं नगं. त्यानं हाडं आतून पोकळ होतेत, मला मपल्या खेळताईनं सांगितलंय. बरं केलं ना ताई?”

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. पंचशीलानंही. पोरीचा पाय माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी नेहमीच्या सवयीनं गुडघा चाचपून पाहिला. मोकळा होता, सरळ होत होता. कॅलिपर बसला असता.

मी मान हलवली. बरं केलंस म्हटलं.

पंचशीलानं पेढा माझ्या तोंडात भरवला. मी तो खाल्ला. पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नाही. गाडी आली, मी चढले, आणि मला खिडकीजवळची जागा मिळाली.